पॉइंट, ऑफर की गावातलं खातं? मलकापूर परिसरात किराणा कुठं भरावा, याचा हिशोब

मलकापूर (ता. कराड) : महिन्याचा पहिला आठवडा आला की ढेबेवाडी फाट्यावर किराण्याच्या पिशव्या लादलेल्या दुचाक्या दिसू लागतात. पुढं टाकीवर पिठाची पिशवी, मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर तेलाचा डबा आणि हँडलला साबण-पावडरची पिशवी. यातले बरेचजण गावात किराणा दुकान असताना इथवर आलेले असतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘इथं स्वस्त पडतं.’

खरंच पडतं का, हे मात्र फारच थोड्या घरांत कागदावर मांडून बघितलं जातं.

हे मलकापूर म्हणजे कराडला खेटून असलेलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं. शाहूवाडीचं किंवा बुलढाण्याचं नव्हे. ढेबेवाडी खोरं, उंडाळे-ओंडकडची गावं, पलीकडं सांगली जिल्ह्यातला वाळवा-शिराळ्याचा पट्टा, इथली माणसं दवाखान्याला, कॉलेजला, कचेरीच्या कामाला कराड-मलकापूरला येतात आणि जाताना बाजार करून जातात. त्यांच्यापुढं आज चार वाटा आहेत. गावातलं दुकान, शहरातली मोठी दुकानं आणि मॉल, सहकारी ग्राहक भांडार आणि मोबाईलवरचं ॲप. प्रत्येकजण सांगतो की सगळ्यात जास्त बचत आमच्याकडंच.

चार-पाच माणसांच्या घराला महिन्याला चार हजारांचा किराणा लागतो असं धरलं, तर वर्षाचे ४८ हजार होतात. उसाला टनाला तीन हजार धरले तर सोळा टन ऊस नुसता किराण्यात जातो. त्यात पाच टक्के वाचले तर २,४०० रुपये, म्हणजे पाऊण टनाच्या वर ऊस. रक्कम लहान नाही. पण ती पॉइंटमधून येते की दुसरीकडून, हे बघायला हवं.

पॉइंटचे रुपये किती?

बिल करताना काउंटरवर मोबाईल नंबर विचारतात आणि ‘तुमचे पॉइंट जमा झाले’ असं सांगतात. शंभर रुपयांना एक पॉइंट ही साधी पद्धत धरू. चार हजारांच्या बिलावर ४० पॉइंट झाले. एका पॉइंटची किंमत एक रुपया असेल तर ४० रुपये मिळाले, म्हणजे एक टक्का. पण पॉइंट पंचवीस पैशांचा असेल तर हातात दहाच रुपये येतात. आकडा तोच, ४०. म्हणून काउंटरवर तीन गोष्टी विचाराव्यात. पॉइंटचे रुपये किती, ते कधी संपतात आणि किती साठल्यावर वापरता येतात? काही ठिकाणी ठराविक पॉइंट साठल्याशिवाय एकही वापरता येत नाही आणि तेवढे साठेपर्यंत आधीचे संपून जातात. वर्षातून चारदा शहरात जाणाऱ्या घराला अशा योजनेतून फारसं काही मिळत नाही.

नंबर देणं सक्तीचं नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना स्पष्ट सांगितलं की बिल करण्यासाठी ग्राहकाच्या नंबरचा आग्रह धरू नका. पॉइंट हवे असतील तर नंबर द्यावा, नको असतील तर ‘नंबर नको, बिल द्या’ म्हणावं. नंबर दिला की पुढं वर्षभर मेसेज येतात, हाही त्या व्यवहाराचाच भाग.

दुसरा प्रकार ऑफरचा. ‘२,९९९ रुपयांच्या खरेदीवर एक किलो साखर ९ रुपयांत.’ यादीतला माल भरून बिल २,६५० झालं, की मग उरलेल्या ३४९ रुपयांसाठी ट्रॉली परत आत फिरते. फरसाण, दोन बिस्किटांचे पुडे, एखादा प्लास्टिकचा डबा. बाजारात साखर ४४ रुपये किलो असेल तर वाचले ३५ रुपये. त्यासाठी नको असलेल्या मालावर साडेतीनशे गेले. घरातनं निघतानाच बिल तीन हजारांच्या आसपास जाणार असेल, तर मात्र ही ऑफर सोडू नये. फरक एवढाच की यादी आधी आणि ऑफर नंतर.

क्रेडिट कार्डावरच्या कॅशबॅकचंही असंच. कार्डाचं पूर्ण बिल वेळेत भरणाऱ्याला एक-दोन टक्के खरंच सुटतात. पण बिल थकलं की व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतं. म्हणजे मिळालेला सगळा कॅशबॅक एका महिन्यात परत. ॲपवर मागवायचं असेल तर आधी आपल्या गावाचा पिनकोड टाकून बघावा. शहराबाहेर गेलं की बरीच ॲप किराणा पोहोचवत नाहीत, किंवा पोहोचवायचे वेगळे पैसे लावतात.

एमआरपी सोडा, किलोचा भाव बघा

‘एमआरपीवर ४० टक्के सूट’ ही पाटी डाळीच्या पाकिटावर असली तर तिला फार भुलू नये. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किती घेता येतील तो आकडा. तो कंपनीच छापते. पाकिटावर २२० छापून १३२ ला विकलं की ४० टक्के सूट झाली. शेजारच्या दुकानात तीच सुटी डाळ १२५ ला असू शकते. सूट किती, यापेक्षा किलो कितीला, एवढंच विचारावं.

यासाठी आता पाकिटावरच सोय आहे. पाकीटबंद मालाच्या नियमांत केलेल्या बदलानंतर एमआरपीच्या जवळ प्रति ग्रॅम, प्रति किलो, प्रति मिली किंवा प्रति लिटर भाव छापणं बंधनकारक झालंय. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा भाव असतो, त्याहून मोठ्यावर किलोचा. अक्षर बारीक असतं, चष्मा न्यावा. ग्रॅमचा भाव ०.२४ रुपये लिहिला असेल तर किलोला २४० रुपये. दोन कंपन्यांची, दोन वजनांची पाकिटं शेजारी धरून हा एकच आकडा बघितला की महाग कोण ते कळतं. फक्त एक लक्षात ठेवावं. हा भाव छापील किमतीवरचा असतो. दुकानानं सूट दिली असेल तर गणित आपलं आपण करावं लागतं.

मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हेही दरवेळी खरं नाही. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या मिलीच्या हिशोबात अनेकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. बिस्किटात उलटा प्रकार. पाच रुपयांचा पुडा पाचलाच राहतो, आतली बिस्किटं वर्षागणिक कमी होतात. मापाच्या पाकिटांची जुनी सक्ती निघाल्यावर ८०० ग्रॅम, ८५० ग्रॅम, ९०० ग्रॅम असली वजनं बाजारात वाढली. लांबून ती किलोचीच वाटतात.

तेलाचा डबा: किलो की लिटर?

किराण्यात सगळ्यात मोठी फसगत इथं होते आणि ती करणारा दरवेळी दुकानदारच असतो असंही नाही. घेणाऱ्यानं विचारलेलंच नसतं.

तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. त्यामुळं ‘१५ चा डबा’ दोन प्रकारचा असतो. एक १५ किलोचा आणि दुसरा १५ लिटरचा. १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. दोन्ही डबे दिसायला सारखेच. उदाहरणापुरते भाव घेऊ. गावात १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि शहरात ‘१५ चा डबा’ २,१०० ला मिळाला. दीडशे वाचले म्हणून माणूस खूश. पण गावातला डबा किलोला १५० रुपये पडला आणि शहरातला लिटरचा असेल तर किलोला जवळपास १५४.

पिशवीतही तेच. एक लिटरची पिशवी १४० रुपयांना आणि तिच्याच शेजारी तसलीच दिसणारी ८५० ग्रॅमची पिशवी १३२ ला. आठ रुपये कमी म्हणून हात दुसरीकडं जातो. पहिली किलोला सुमारे १५४ ला पडते, दुसरी १५५ ला. पिशवीवर ग्रॅमचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय तेल घेऊ नये. घरात शेंग पिकत असेल तर लाकडी घाण्यावरून तेल काढून आणायची पद्धत या भागात परत आलीय. तिथं पेंड कुणाची आणि गाळपाचे पैसे किलोला किती, हे आधी ठरवावं. पेंड घरी आली तर जनावराचं खाद्य तेवढं वाचतं.

सुटं की पाकीटबंद

१८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, पीठ, डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. २५ किलोपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही, म्हणूनच २६ किलोची तांदळाची पोती बाजारात दिसू लागली. म्हणजे गावातला दुकानदार पोत्यातनं तोलून देतो त्या डाळीवर कर नाही, मॉलमधल्या चकचकीत पाकिटावर आहे. हा पाच टक्क्यांचा फरक पॉइंटच्या एक टक्क्याच्या पाचपट. कुणी त्याची पाटी लावत नाही, एवढंच.

सुट्या मालाला दुसरी बाजू आहे. वजन. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का, तो वैध मापन विभागानं तपासून शिक्का मारलेला आहे का, हे बघायला लाजू नये. माल हातावर घेऊन खडे, रंग, जुना वास तपासावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. आधीचं एखादं बिल घरात पडलं असेल तर ताडून बघावं, की आपल्या दुकानात भाव उतरले का. छोट्या दुकानदारांपैकी बरेचजण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना बिलात वेगळा जीएसटी लावता येत नाही. तसा कुणी लावला तर विचारावं.

वर्षाचं धान्य घेणाऱ्या घरांना यातलं बरंच सांगायची गरज नाही. गहू-ज्वारी सुगीनंतर एकदाच घ्यायची, कडक उन्हं द्यायची आणि कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत भरायची, ही आजीच्या काळची बचत आजही बहुतेक ऑफरना मागं टाकते. खटाव-माणकडची ज्वारी, पाटणकडचा इंद्रायणी, सांगलीची हळद ही थेट शेतकऱ्याकडनं किंवा बाजार समितीच्या आवारातनं घेतली तर मधले दोन हात वाचतात. अडचण एकच. त्यासाठी एकदम आठ-दहा हजार हातात लागतात.

जाण्या-येण्याचं भाडं

गाव मलकापूरपासून १५ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन तीस. लिटरला ४५ किलोमीटर देणारी गाडी आणि १०४ रुपये लिटर पेट्रोल धरलं तर साधारण ७० रुपये झाले. ढेबेवाडीसारखं लांबचं गाव असेल तर शंभरच्या वर. चार हजारांच्या बिलावर ७० रुपये म्हणजे पावणेदोन टक्के. पॉइंट एक टक्क्याचे. मॉलचा दर गावापेक्षा दोन टक्क्यांनी कमी असेल, तरी खेपेतून फारसं काही उरत नाही. पोरं बरोबर असतील तर वडापाव आणि आईस्क्रीम वेगळं.

दवाखान्याला, शाळेच्या कामाला किंवा शेतीच्या औषधाला यायचंच असेल तेव्हा बाजार केला, तर हा खर्च शून्य. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना मोफत. त्यामुळं घरातल्या बाईनं यादी घेऊन एसटीनं यावं हे हिशोबाला बरं, ओझ्याला नाही. पंधरा किलोचा डबा घेऊन स्टँडवर उभं राहायचं, पुढं फाट्यावर उतरून घर गाठायचं, हे यादी करणाऱ्यानं एकदा करून बघावं.

उधारीची खरी किंमत

गावातलं दुकान पॉइंट देत नाही. ते खातं देतं. या भागात बहुतेकांचा पैसा उसाचा, आणि उसाचं बिल महिन्याला येत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार तोडणीनंतर चौदा दिवसांत एफआरपी मिळायला हवी, पण तोड एकदाच असते. वर्षातले बाकीचे महिने घर चालतं ते दुधाच्या पगारावर आणि दुकानाच्या वहीवर.

या वहीची किंमत काढता येते. समजा गावातला भाव शहरापेक्षा सरासरी पाच टक्क्यांनी जास्त आहे आणि उधारी तीन महिन्यांनी फिटते. म्हणजे तीन महिन्यांच्या कर्जावर पाच टक्के. बचत गटातनं महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलले तर तीन महिन्यांचे सहा टक्के होतात. खासगी सावकार शेकडा पाचनं देत असेल तर पंधरा. म्हणजे गावातली उधारी गटाच्या कर्जापेक्षा किंचित स्वस्तच पडली. वर तिला ना कागद, ना जामीन, ना हप्ता चुकल्यावर दारात येणारा वसुलीवाला. ज्याच्याकडं रोख नाही त्यानं ‘दुकानदार महाग देतो’ म्हणून मनाला लावून घ्यायचं कारण नाही. हाच फरक बारा टक्क्यांवर गेला तर मात्र गटातनं पैसे उचलून रोखीनं माल भरलेला परवडतो.

खरं नुकसान तिसऱ्याचंच होतं. खिशात रोख असून जो वहीवरच्या भावानं माल घेतो, त्याचं. तो कर्ज न घेता व्याज भरतो. अशा गिऱ्हाईकानं सरळ रोखीचा भाव विचारावा. ‘दादा, आत्ता पैसे देतो, डब्याचा शेवटचा भाव सांगा.’ बहुतेक दुकानदार दोन-तीन टक्के सोडतात, कारण त्यालाही होलसेलवाल्याला रोखच द्यायची असते.

वही दोन ठिकाणी असावी. एक दुकानात, एक घरात. माल आणला त्याच दिवशी घरच्या वहीत तारीख, माल आणि रक्कम लिहावी. तेवढं होत नसेल तर आठवड्यातनं एकदा दुकानातल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढावा. पैसे भरले की त्याच पानावर ‘जमा’ लिहून घ्यावं. वर्षाच्या शेवटी होणारी निम्मी भांडणं एवढ्यानं मिटतात. उधारी फेडताना यूपीआयनं दिली तर पुरावा आपोआप राहतो आणि त्याला ग्राहकाला जादा पैसे पडत नाहीत.

दुकानदाराच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. रोखीचा सगळा माल मॉलमधनं आणि उधारीची चहापत्ती तेवढी गावातनं, असं सगळ्या गावानं केलं तर ते दुकान दोन वर्षांत बंद पडतं. त्याच्याकडं फिरवायला पैसाच उरत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा-कोयनेच्या काठची आणि पाटणच्या डोंगरातली गावं दिवसेंदिवस तुटली होती. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद होत्या. तेव्हा शहरातल्या दुकानापर्यंत जायची वाटच नव्हती, डाळ-तांदूळ दिला तो गावातल्या फळीवरच्या दुकानानं, तोही वहीवर. त्यामुळं तेल, साखर, साबण असा महिन्याचा मोठा माल जिथं स्वस्त तिथनं आणि रोजचं किरकोळ गावातनं रोखीनं, अशी वाटणी करणारी घरं दोन्हीकडनं शहाणी म्हणायची.

खरेदीवर नफा वाटणारी दुकानं

पॉइंटची कल्पना मॉलवाल्यांची नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ च्या डिसेंबरमध्ये विणकर आणि इतर कामगारांनी मिळून एक दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, ओटचा दाणा, एवढाच माल. नियम असा की उरलेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत द्यायचा. मालक गिऱ्हाईकच होते. आपल्याकडच्या सहकारी ग्राहक भांडारांचं मूळ हेच. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये अपना बाजार सुरू झाला. जवळचं उदाहरण म्हणजे वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या पसाऱ्यातूनच पुढं ‘वारणा बाजार’ आला आणि आजूबाजूच्या गावांत पोहोचला.

अशा भांडाराचं सभासदत्व घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या वर्षी खरेदीवर रिबेट किंवा भेटवस्तू दिली का, वार्षिक सभा झाली का आणि शेअरची पावती मिळते का. नफा झाला तरच रिबेट मिळतो, तो हक्कानं दरवर्षी ठरलेला नसतो. साखर कारखान्याचे सभासद असणाऱ्यांनी सवलतीची साखर वेळेत उचलावी. कूपन घरात पडून राहतं आणि साखर दुकानातनं पूर्ण भावानं आणली जाते, असंही होतं.

भांडार नाही तिथं गट आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत सोपी आहे. दहा-पंधरा घरं एकत्र येतात, महिन्याची यादी एकत्र करतात, माल एका घरी उतरतो आणि तिथं वाटून घेतला जातो. गावातल्या महिला बचत गटाला हे जमण्यासारखं आहे. बारा घरांचा गहू, तूरडाळ, तेलाचे डबे आणि साखरेचं पोतं एकदम घेतलं की होलसेलचा भाव मिळतो आणि छोटा टेम्पो केला तरी भाडं घरटी थोडंच येतं. अडचण येते ती पैसे आधी गोळा करण्यात आणि उरलेला माल कुणी घ्यायचा यात. म्हणून पैसे आल्याशिवाय मागणी नोंदवायची नाही, हा एक नियम तरी कडक असावा.

दिवाळी भिशी

महिन्याला दोनशे-तीनशे भरायचे आणि दिवाळीला फराळाचा किराणा, वर एखादं भांडं भेट. अशी भिशी गावोगावी चालते. दिवाळीत एकदम ओझं येत नाही, हा तिचा खरा फायदा. पण वर्षभर पैसे दुसऱ्याकडं बिनव्याजी राहतात, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप लागलं तर हातात काही नसतं. कार्डावर दर महिन्याची सही-शिक्क्यासह नोंद हवी. दिवाळीला माल कोणत्या भावानं मिळणार, त्या दिवशीच्या की आधी ठरलेल्या, हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं. ‘तीन हजार भरा, चार हजार मिळवा’ असं कुणी म्हणत असेल तर किराण्याच्या धंद्यात एवढा नफा नसतो, हे ओळखून लांब राहावं. तेवढेच पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले तर दिवाळीला रोख हातात येते आणि रोखीचा भाव मागता येतो.

रेशन, बिल आणि तक्रार

किराण्याची यादी करण्याआधी रेशन वजा करावं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. त्यासाठी पैसे मागितले तर पावती मागावी. मोफतचं धान्य विकणं गुन्हा आहे.

बिल कुठंही मागता येतं. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. सदोष माल निघाला आणि बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत परत करता येतो. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, फ्रिजमधल्या थंड बाटलीचे जादा पैसेही नाहीत. कॅरीबॅगचे पैसे आधी न सांगता काउंटरवर लावणं चूक आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. घरातनं कापडी पिशवी न्यावी हे बरं.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. वजनात मारल्याची किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयातही करता येते. प्रकरण आयोगात न्यायचं झालं तर ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. कराड-पाटणकरांनी साताऱ्यात, वाळवा-शिराळ्याच्या लोकांनी सांगलीत. माल विकणारा पुण्या-मुंबईचा असला तरी तिकडं जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी नाही. बिल मात्र जपून ठेवलेलं हवं. थर्मल कागदावरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्याबरोबर त्याचा फोटो काढून ठेवावा.